हिमावरील वळण

'वळण' हा आपल्या भाषेंतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. वाट जेथें दिशा बदलते तेंही वळण, आणि अक्षरें गिरवून गिरवून मुलाच्या हातास जें लागतें तेंही वळणच. पहिलें घ्यावयाचें असतें, दुसरें लावावयाचें असतें. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदूं लागले याची चिकित्सा भाषाशास्त्रज्ञांनीं करावी. परंतु मनुष्याच्या ज्या एका कलेचा इतिहास येथें वाचकांपुढें ठेवावयाचा आहे, तींत हे दोन्ही अर्थ परस्परांपासून वेगळे करतांच येत नाहींत. ती कला म्हणजे पायांस लांब पट्ट्या बांधून हिमाच्छादित डोंगर उतरण्याची, जीस युरोपांत स्कीइंग म्हणतात. उतारावर वळण कसें घ्यावें, आणि त्याकरितां शरीरास कोणतें वळण लावावें, या एका प्रश्नावर गेल्या दीडशें वर्षांत इतके ग्रंथ लिहिले गेले, इतक्या पाठशाळा निघाल्या व इतकीं भांडणें झालीं कीं, तीं पाहून आपल्या दर्शनकारांच्या खंडनमंडनाची आठवण व्हावी.

सह्याद्रीच्या शिखरांवर हिम पडत नाहीं. तेव्हां हा विषय आपणांस परका वाटणें साहजिक आहे. पण त्याच्या पोटांत जो प्रश्न आहे तो परका नाहीं. एखादी रीत 'बरोबर' आहे असें आपण म्हणतों तेव्हां त्याचा अर्थ काय? गुरूनें सांगितलेली रीत हा निसर्गाचा नियम असतो, कीं त्या काळच्या साधनांनीं घालून दिलेली ती एक सोय असते? जो कोणी शिकवितो, मग तो तालमींतील वस्ताद असो वा महाविद्यालयांतील अध्यापक असो, त्यास हा प्रश्न केव्हां तरी अडवितोच. हिमावरील वळणाच्या इतिहासांत या प्रश्नाचा निकाल फार स्वच्छ पाहावयास मिळतो. कारण तेथें चुकीच्या सिद्धांताचें खंडन प्रतिपक्षी करीत नाहीं, डोंगर करतो, आणि तेंही तत्काळ.

प्रथम मूळ अडचण काय आहे ती पाहूं. उतारावरून सरळ खालीं जाण्यास कलेची गरज नाहीं. तें काम गुरुत्वाकर्षण करतें. कला लागते ती वेग आवरण्यास आणि दिशा बदलण्यास. लांब पट्टी स्वतःच्या लांबीच्या दिशेनें सहज धांवते. तिला आडवें करूं गेल्यास ती विरोध करते. ही झाली वस्तूची अडचण. दुसरी अडचण मनाची आहे. समोर दरी दिसली कीं मनुष्य आपोआप मागें, डोंगराकडे, कलतो. परंतु मागें कललें कीं पट्ट्यांच्या पुढल्या भागावरील भार नाहींसा होतो, त्या वळेनाशा होतात, आणि ज्या वेगाच्या भीतीनें मनुष्य मागें सरला तोच वेग त्यास घेऊन जातो. येथें अभय आहे तें पुढें, दरीच्या दिशेनें झुकण्यांत. हें उफराटें सत्य बुद्धीस एका क्षणांत पटतें; शरीरास तें पटण्यास वर्षें लागतात. वळणाच्या विद्येचा सारा इतिहास म्हणजे या पटविण्याच्या युक्त्यांचाच इतिहास आहे, असें म्हटलें तरी चालेल.

हिमावर पट्ट्या बांधून फिरणें ही उत्तर युरोप व उत्तर आशिया येथील लोकांची हजारों वर्षांची रीत होय. शिकार, लांकूडतोड, शेजारच्या गांवीं जाणें येणें हीं तिचीं प्रयोजनें. उतारावर वेग आवरण्याकरितां एक लांब काठी असे. ती पायांमध्यें धरून किंवा बाजूस टेकून तिच्यावर अंगाचा भार टाकीत. काठी हाच लगाम. पण काठीवर टेकलेलें शरीर मागें कललेलें असतें. म्हणजे भीतीनें जें करावेंसें वाटतें त्यासच या रीतीनें मान्यता दिली होती. ती मान्यता प्रथम ज्यानें काढून घेतली तो नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील मोर्गेदाल गांवचा सोंद्रे नोरहेम. त्याचा जन्म १८२५ चा, स्थिति गरिबीची. झाडांच्या लवचिक फांद्या पिळून केलेला बंध टाचेमागून घेऊन त्यानें पाय पट्टीस घट्ट बांधला, आणि पट्टी मध्यें कमरेसारखी अरुंद व दोन्ही टोकांस रुंद ठेविली. निदान परंपरा या दोन्ही सुधारणांचें श्रेय त्यास देते. १८६८ मध्यें राजधानी ख्रिस्तियानिया येथें झालेल्या स्पर्धेंत बेचाळीस वर्षांच्या या खेडुतानें काठीचा आधार न घेतां वळून व थांबून दाखविलें, आणि नागर प्रेक्षक चकित झाले.

त्या प्रांतावरून व त्या नगरावरून दोन वळणांचीं नांवें रूढ झालीं. टेलेमार्क वळणांत एक पाय पुढें सरकवावयाचा, मागचा गुडघा वांकवावयाचा, आणि दोन पट्ट्यांची मिळून जणूं एकच लांब वक्र पट्टी करावयाची. ख्रिस्तियानिया वळणांत दोन्ही पट्ट्या जवळजवळ समांतर ठेवून एकदम आडव्या फिरवावयाच्या. नगराचें नांव १९२५ मध्यें पालटून ऑस्लो झालें, पण वळणाचें नांव मात्र कित्येक दशकें तेंच राहिलें. नोरहेम १८८४ मध्यें अमेरिकेस गेला आणि १८९७ मध्यें डाकोटाच्या प्रदेशांत मरण पावला. ज्यानें उतारावरील वळण जगास दाखविलें, त्यास अखेरची विश्रांति मिळाली ती विस्तीर्ण मैदानांत; त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षें खूणही नव्हती.

नॉर्वेबाहेर या विद्येचा प्रसार एका ग्रंथानें केला. फ्रित्यॉफ नानसेन यानें १८८८ मध्यें ग्रीनलंडचें हिमपठार स्कीवरून ओलांडलें आणि त्याचा वृत्तांत लिहिला. १८९१ मध्यें जर्मन भाषेंत आलेला तो वृत्तांत मध्य युरोपांत घरोघर वाचला गेला. त्याच्या वाचकांत मातियास झार्स्की हा मोराव्हियांत १८५६ मध्यें जन्मलेला, शिक्षक, चित्रकार व शिल्पकार असा बहुगुणी गृहस्थ होता. ऑस्ट्रियांतील लिलियेनफेल्ड गांवाजवळ तो एकांतांत शेतीवाडी करून राहत असे. त्यानें नॉर्वेहून स्की मागविल्या आणि घरामागच्या डोंगरावर एकट्यानें अभ्यास आरंभिला. एकलव्यापुढें निदान द्रोणाचा मातीचा पुतळा होता. झार्स्कीपुढें एक पुस्तक आणि एक डोंगर एवढेंच होतें.

त्या डोंगरानें त्यास लवकरच सांगितलें कीं, नॉर्वेच्या मंद उतारांची रीत आल्प्सच्या कड्यांवर चालणार नाहीं. त्यानें पट्ट्या बऱ्याच आखूड केल्या. पाय बाजूस हलूं नये म्हणून पोलादी तळपट्टीचा नवा बंध बनविला. आणि वळणाची नवी रीत बसविली. तींत एका पट्टीची टाच बाहेर रेटून दोन पट्ट्यांचा कोन करावयाचा आणि बाहेरच्या पट्टीवर भार देऊन सावकाश, वेग न वाढूं देतां, फिरावयाचें. त्याचा ग्रंथ १८९७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. आल्प्समधील उताराच्या स्कीविद्येचें तें पहिलें शास्त्र होय. १९०५ च्या मार्च महिन्यांत मुकेनकोगेल डोंगरावर त्यानें ८५ खुणांमधून वळत उतरण्याची परीक्षा घेतली. तिच्यांतच पुढील स्लालोम शर्यतीचें बीज पाहतात.

मग वाद पेटला. नॉर्वेच्या अभिमान्यांस ही कोनाची रीत भित्री व कुरूप वाटली. झार्स्कीस नॉर्वेची रीत आल्प्समध्यें निरुपयोगी वाटली. दोन्ही पक्षांनीं एकमेकांस अज्ञ ठरविण्यांत बरींच वर्षें घालविलीं. आज दूरवरून पाहतां दिसतें तें असें कीं, दोघेही आपापल्या डोंगराविषयीं खरें बोलत होते आणि दुसऱ्याच्या डोंगराविषयीं बोलण्याचा अधिकार दोघांसही नव्हता. स्थानिक अनुभवास सार्वत्रिक नियमाची पदवी दिली कीं विद्वानांची भांडणें सुरू होतात, हें इतर शास्त्रांतही आपण पाहतोंच. झार्स्की एका काठीचा आग्रह धरून बसला. त्याच्याच देशांतील लष्करी अधिकारी गेऑर्ग बिल्गेरी यानें दोन काठ्या घेतल्या आणि दोन्ही पंथांतील उपयुक्त तें उचललें. पुढील काळ बिल्गेरीच्या दोन काठ्यांचा झाला. पण झार्स्कीच्या हट्टीपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१६ मध्यें, महायुद्धांत, दुसऱ्यांच्या सुटकेस गेलेला हा साठ वर्षांचा गृहस्थ हिमपाताखालीं सांपडला. त्याचीं हाडें व सांधे मिळून सुमारें ऐंशी ठिकाणीं शरीर मोडलें. तो वांचला, स्वतःच्या शरीरास पुन्हा नवें वळण लावलें, आणि पुन्हा स्कीवर उभा राहिला. त्याचा अंत १९४० मध्यें झाला.

यापुढील नांव हान्नेस श्नायडर याचें. आर्लबेर्ग खिंडीजवळच्या श्टूबेन गांवांत १८९० मध्यें जन्मलेला हा मुलगा १९०७ मध्यें सांक्ट आन्टोन येथील एका हॉटेलांत पाहुण्यांस स्की शिकविण्याकरितां राहिला. झार्स्कीचें ध्येय सुरक्षितता हें होतें; श्नायडरनें वेगास ध्येय केलें. त्याकरितां त्यानें शरीराची ठेवण बदलली: गुडघे व घोटे वांकवून, अंग पुढें झोंकून, खालीं बसल्यासारखें उतरावयाचें, वळणापूर्वीं अंग वर उचलून पट्ट्यांवरील भार हलका करावयाचा आणि त्याच क्षणीं त्या फिरवावयाच्या. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्यानें शिक्षणाचा क्रम बांधला. प्रथम दोन्ही पट्ट्यांच्या टाचा बाहेर रेटून नांगरासारखा कोन. मग एका पट्टीचा कोन. मग कोनानें आरंभून समांतर संपणारें वळण. विद्यार्थ्यांचे त्यांच्या तयारीप्रमाणें वर्ग पाडले; शिक्षकांस शिस्त लावली. १९२० मध्यें आर्नोल्ड फांक याच्या चित्रपटानें ही रीत पडद्यावर आणली, आणि १९३० मध्यें श्नायडर जपानांतही शिकवून आला. एका मनुष्याच्या अंगचें कौशल्य हजारोंस कसें देतां येईल, या प्रश्नाचें हें उत्तर होतें. आणि माझ्या मतें या सर्व इतिहासांतील तो सर्वांत मोठा शोध आहे. वळण घेणारे पुष्कळ झाले होते. वळण लावणारा हा पहिला.

येथें हिंदुस्थानाचा एक अनपेक्षित धागा येऊन मिळतो. स्लालोमला आजचें रूप देणारा इंग्रज लेखक आर्नोल्ड लन याचा जन्म १८८८ मध्यें मद्रास शहरांत, एका मिशनऱ्याच्या घरीं झाला. १९०९ मध्यें वेल्समधील एका कड्यावरून पडून त्याचा उजवा पाय कायमचा आखूड झाला. तरीही वळणाच्या विद्येवर त्याच्याइतकें क्वचितच कोणी लिहिलें असेल. त्या काळीं वळणांची परीक्षा ऐटीवरून होई: कोणाची ठेवण शास्त्रोक्त, कोणाची अशास्त्रीय, हें परीक्षक ठरवीत. १९२२ मध्यें स्वित्झर्लंडांतील म्यूरेन येथें लननें निशाणांच्या जोड्या लावल्या आणि सांगितलें कीं, त्यांमधून जो लवकर खालीं येईल तो जिंकला. वळण कसें दिसतें यापेक्षां तें काय साधतें याला महत्त्व आलें. पंडितांच्या हातांतील परीक्षा घड्याळाच्या हातीं गेली, आणि सिद्धांतांची खरी उलथापालथ तेथपासून सुरू झाली.

या शर्यतींच्या जगांत 'कंदाहार' हें नांव वारंवार भेटतें, त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८८० च्या जुलैंत अफगाणिस्तानांतील मैवंद येथें इंग्रज फौजेचा पराभव झाला. त्या फौजेंत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. उरलेले लोक कंदाहारांत कोंडले गेले. त्यांच्या सुटकेकरितां काबूलहून सुमारें तीनशें मैलांची दौड करून जो सेनापति आला तो कानपुरांत जन्मलेला रॉबर्ट्स. पुढें त्यास 'कंदाहारचा लॉर्ड रॉबर्ट्स' ही पदवी मिळाली. १९११ मध्यें त्याच्या नांवाचा करंडक डोंगर उतरण्याच्या शर्यतीस लाविला गेला; त्यावरून १९२४ मध्यें लनच्या मंडळीनें आपल्या संस्थेचें नांव कंदाहार ठेविलें, आणि १९२८ मध्यें श्नायडर व लन यांनीं मिळून सांक्ट आन्टोन येथें आर्लबेर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली. मुंबईच्या शिपायांनीं ज्या तटाआड वेढा सोसला त्याचें नांव आल्प्सच्या हिमावर असें विसांवलें, आणि त्यावरून धांवणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस तें कोठून आलें हें ठाऊक असतें.

घड्याळाच्या परीक्षेंत श्नायडरची रीतही टिकली नाहीं. दोष रीतीचा नव्हता. साधनें बदललीं होतीं. १९२६ मध्यें साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर यानें लांकडी पट्टीच्या कडांस पोलादी धार बसविण्याची युक्ति नोंदविली. त्यामुळें कठीण हिमावरही पट्टी पकड घेऊं लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्वित्झर्लंडच्या गिदो र्यूज यानें तारेचा व स्प्रिंगचा बंध केला, त्यासही कंदाहार हेंच नांव मिळालें. त्यानें टाच पट्टीस दाबून ठेवितां येऊं लागली, आणि टाच खालीं राहिल्यामुळें अंग निर्भयपणें पुढें झोंकतां येऊं लागलें. या साधनांचा पूर्ण उपयोग टिरोलच्या आन्टोन झेलोस यानें केला. कोनाचा आधार सोडून दोन्ही पट्ट्या आरंभापासून अखेरपर्यंत समांतर ठेवून तो वळे. १९३३ व १९३५ मध्यें तो स्लालोमचा जगज्जेता झाला. १९३६ च्या ऑलिंपिकमध्यें स्की-शिक्षकांस धंदेवाईक म्हणून मज्जाव होता. तेव्हां मार्ग तपासण्यापुरता तो स्पर्धकांच्या आधीं उतरला, आणि त्यास लागलेला वेळ विजेत्याहूनही कमी भरला. फ्रान्सच्या एमिल आले यानें हीच समांतर रीत खांद्यांच्या फिरक्याशीं जोडून फ्रेंच पंथ स्थापिला, आणि १९३७ मध्यें शामोनी येथें तिन्ही विजेतेपदें मिळविलीं.

इतक्यांत राजकारणाचा हिमलोट आला. १९३८ च्या मार्चमध्यें हिटलरच्या सैन्यानें ऑस्ट्रिया घेतला, आणि नात्सींच्या विरोधांत राहिलेल्या श्नायडरला अटक झाली. सांक्ट आन्टोन येथें व्हावयाची त्या वर्षींची आर्लबेर्ग-कंदाहार शर्यत लननें रद्द केली. स्नेह्यांच्या खटपटीनें श्नायडर सुटला, आणि १९३९ मध्यें अमेरिकेंतील नॉर्थ कॉनवे येथें जाऊन त्यानें तेथील टेंकड्यांवर पुन्हा नांगराच्या कोनापासून धडे सुरू केले. तेथेंच १९५५ मध्यें तो वारला. ज्या गांवास त्यानें जगप्रसिद्ध केलें त्या गांवांतून त्यास जावें लागलें. पण त्याची विद्या मात्र कोणाच्या सरहद्दीनें अडली नाहीं.

युद्धानंतर ऑस्ट्रियानें फ्रेंच पंथास उत्तर दिलें. श्टेफान क्रुकेनहाउझर हा शिक्षकांचा शिक्षक उत्तम छायाचित्रकारही होता. शर्यतींत धांवणारे प्रत्यक्ष काय करतात हें त्यानें कॅमेऱ्यांतून पाहिलें, तेव्हां दिसून आलें कीं, ते खांदे वळणाच्या दिशेनें फिरवीतच नाहींत. कमरेवरचें अंग दरीकडे तोंड करून स्थिर असतें आणि पाय तेवढे त्याखालीं डावीकडून उजवीकडे फिरतात. १९५६ च्या सुमारास याच निरीक्षणावर ऑस्ट्रियाचा नवा अभ्यासक्रम उभा राहिला, आणि कुत्र्याच्या शेपटीच्या हालचालीवरून नांव पडलेलीं तीं लहान लहान वळणें फॅशन होऊन बसलीं. मग तीच ठेवण, पाय अगदीं जुळवून, अंग स्वल्पविरामासारखें मुरडून, शास्त्र म्हणून जगभर शिकविली गेली. ज्यांस तिची गरज नव्हती त्यांसही. क्रुकेनहाउझरनें डोळे उघडून जें पाहिलें, तें त्याच्या कित्येक अनुयायांनीं डोळे मिटून घोकलें. संप्रदायाचा जन्म बहुधा असाच होतो.

साधनें बदलतच होतीं. १९५० पासून अमेरिकन अभियंता हॉवर्ड हेड याची धातूची स्की बाजारांत आली. १९६० मध्यें फ्रान्सच्या झां व्ह्यूआर्ने यानें धातूच्या स्कीवर, अंड्याप्रमाणें अंग गोळा करून, ऑलिंपिकची उताराची शर्यत जिंकली. १९६० नंतरच्या दशकांत चामड्याच्या बुटांची जागा कडक प्लास्टिकच्या बुटांनीं घेतली, तेव्हां नडगीचा किंचित् दाबही तत्काळ पट्टीपर्यंत पोहोंचूं लागला. शेवटीं १९९३ मध्यें स्लोव्हेनियांतील एलान कारखान्याच्या युरी फ्रांको व पावेल श्कोफिच या अभियंत्यांची स्की आली. तिची कंबर पूर्वींपेक्षां फारच बारीक होती. अशी पट्टी कडेवर कलती करून तिच्यावर भार दिला कीं ती धनुष्यासारखी वांकते आणि त्याच कमानीच्या रेषेवरून, हिम न खरडतां, स्वतःच वळते. ज्या वळणाकरितां पिढ्यान्‌पिढ्या खांदे फिरविले, टाचा रेटल्या, अंग उचललें, तें वळण आतां बहुतांशीं पट्टीच्या आकारांतच सांठविलें गेलें. आणि ही कल्पना कोणाची? मोर्गेदालच्या पट्टीसही कंबर होतीच. तिच्या पोटांतील विद्या समजण्यास सव्वाशें वर्षें लागलीं.

मग या सर्वांत टिकलें काय? काठी एकाची दोन झाल्या. खांदे एका पंथानें फिरविले, दुसऱ्यानें स्थिर ठेविले. पाय जुळले आणि पुन्हा खांद्यांच्या रुंदीइतके सुटे झाले. झार्स्कीचा कोन आजही नवशिक्यास पहिल्याच दिवशीं शिकवितात. समांतर वळणही टिकलें. पण यांपैकीं कोणतीही रीत आपणच एकमेव असें म्हणूं शकली नाहीं. बदललें नाहीं तें थोडेंच आहे. वळतांना भार बाहेरच्या पायावर हवा. कारण वेग अंगास बाहेर फेकूं पाहतो आणि त्यास उत्तर देणारी कड बाहेरच्या पट्टीचीच असते. पाय आंत कलले तरी कमरेवरचें अंग दरीच्या बाजूस सांवरलेलें हवें. घोटे व गुडघे मोकळे हवेत. नजर पायांजवळ नको, पुढल्या वळणावर हवी. आणि सर्वांवर कडी म्हणजे अंग मागें राहतां कामा नये. हे नियम कोणत्याही पाठशाळेनें निर्माण केले नाहींत. ते उताराचे आहेत. पाठशाळांनीं निर्माण केलें तें बाकीचें सर्व. आणि भांडणें झालीं तीं नेमकीं त्या बाकीच्याविषयीं.

आपल्या देशांत ही विद्या इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आली. काश्मिरांत गुलमर्ग येथें १९२७ मध्यें स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. १९६४ मध्यें इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें जेरेमी बुजाकोव्स्की हा भारतातर्फे उताराच्या शर्यतींत उतरला, आणि २०२२ मध्यें बीजिंग येथें गुलमर्गच्याच परिसरांत वाढलेला आरिफ खान महास्लालोममध्यें भारताचें निशाण घेऊन उभा राहिला. हिमालयाएवढा डोंगर दाराशीं असतां या विद्येचा आपला अध्याय अद्यापि लहानच आहे. पण तो परक्यांच्या करमणुकीपासून सुरू होऊन डोंगराच्या मुलापर्यंत आला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

अध्यापकास या इतिहासापासून घेण्यासारखें एकच आहे असें मला वाटतें. शिष्यास वळण लावल्यावांचून चालत नाहीं. श्नायडरच्या क्रमावांचून हजारों माणसें डोंगराखालींच राहिलीं असतीं. परंतु लावलेलें वळण आणि डोंगराचा नियम यांतील भेद गुरूनें मनांतल्या मनांत तरी जपला पाहिजे. तो भेद विसरला कीं गुरु मागें कलतो, परिचित कड्याकडे अंग टाकतो, आणि पुढल्या वळणास त्याची विद्या वळेनाशी होते. शरीरास जी भीति दरीची वाटते तीच बुद्धीस नव्या साधनाची वाटते. आणि दोहोंवर उपाय एकच आहे, भार पुढें द्यावयाचा.